सांड होता का खच्ची?

जिओन्जू, दक्षिण कोरिया
३ मार्च २०२४

आद. मामास, रोशनीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला नुसती गुणगुण ऐकू येते असं मामी म्हणाली, म्हणून हे पत्र. तुमचा कान गेला आणि माझं शुद्धलेखन उघडं पडलं.

पोट्टी तिकडं नेमकं करते काय, असं तुम्ही मामीकडून विचारलंत. इथं हानू नावाची तांबूस गुरं मांसासाठी पाळतात. मांसाच्या आत पांढऱ्या जाळीसारखी चरबी पसरली की ते उत्तम समजतात. ती कशी पसरते, हे मी शोधते. जनुक प्रत्येक जनावरात असतंच. ते किती जोरात चालायचं, हे ठरवणारा पंख्यासारखा रेग्युलेटरही असतो. माझं लाडकं जनुक चरबीवाल्या मांसात पाचवर चालतं, सुक्या, म्हणजे बिनचरबीच्या मांसात एकवर. चाळीस नमुने, अपवाद एकही नाही! जुलैत मोठ्या परिषदेत हे सांगायचं आहे, आणि पुढची नेमणूक त्यावरच आहे. सध्या आरशासमोर भाषण करते आणि टाळ्याही मीच वाजवते.

मामीच्या गुडघ्याचं कळवा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची भाची,
रोशनी


चामोर्शी
२४ मार्च २०२४

चि. रोशनीले देवरावमामाचा जयभीम आणि मंगल आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, त्यातलं एकदा चष्मा लावून. कोणी विचारलं तर भाची ढोरायच्या खात्यात हाये, एवढंच सांगतो. गाव तुले माहीत हाये. मामीचा गुडघा मार्कंड्याच्या जत्रेत बरा होता, घरी झाडू हाती घेतला का दुखून राह्यला.

मी एकतीस वर्षं ढोरदवाखान्यात ड्रेसर होतो. चिमट्यानं गोऱ्हे खच्ची करणं, हेच माझं कर्तृत्व. माझा सत्कार कोणी केला नाई, तो त्याच्यामुळंच असन. पण एक पायलं हाये. खच्ची केलेला गोऱ्हा अंगानं भरते. सांड तेवढंच खाऊन कडक राह्यते. म्हणून अडाण्यावानी विचारतो, तुझे ते सुक्या मांसाचे ढोरं सांड होते का खच्ची? तू पायलंच असन. म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नको.

जेवत जा. पत्राची वाट पाहून राह्यलो.

देवराव


जिओन्जू
१२ एप्रिल २०२४

आद. मामास, जयभीम.

पाहिलं नव्हतं.

नमुन्यांची यादी कोरियन भाषेत आहे. मी तिचं यंत्राकडून भाषांतर करून घेतलं होतं. मूळ यादीत दोन वेगळे शब्द होते, यंत्रानं दोन्हींचं 'नर' केलं. नर तर नर, म्हणून मी पुढं गेले. काल कँटीनमधल्या बाईंना दुसऱ्या शब्दाचा अर्थ विचारला. त्यांनी लाजत बोटांची कात्री करून दाखवली.

सुके वीसही सांड. चरबीवाले वीसही खच्ची. म्हणजे तीन वर्षं खपून, परदेशी पगार खाऊन, मी एवढंच शोधलं की खच्ची जनावर खच्ची असतं.

माझ्या प्राध्यापक ली बाईंनी लेख छापायला पाठवलाय. त्यांना सांगितलं तर नेमणूक जाईल. नाही सांगितलं तर कदाचित कोणाच्याच लक्षात येणार नाही. मामा, मी अजून गप्प आहे. काय करू?

रोशनी


चामोर्शी
१ मे २०२४

चि. रोशनीले आशीर्वाद.

हे मामीलेही माहीत नाई. बावीस वर्षांआधी भैयाजी नावाचा शेतकरी दोन गोऱ्हे घेऊन दवाखान्यात आला. एक खच्ची करायचा, दुसरा गावासाठी सांड म्हणून ठेवायचा. मी गप्पा मारता मारता दुसराच आवळला. चिमट्यानं जखम होत नाई, वरून दिसत नाई. माझ्या ध्यानात आलं, अन् मी चूप राह्यलो.

सालभर गावातल्या गाई गाभण राहीनात. लोक गाईलेच बोल लावत. बुधरीबाईनं आपली चांगली गाय वांझ समजून बाजारात विकली. तवा कुठी मी भैयाजीले सांगतलं. त्याच्या शिव्या दोन दिवसांत सरल्या. पण ते गाय परत आली नाई. बुधरीबाई अजूनही दिसली का मी रस्ता बदलतो.

तू वर्ष लावू नको. नोकरी गेली तर इथी घर हाये.

देवराव


जिओन्जू
१४ जुलै २०२४

आद. मामास, रोशनीचा जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी ली बाईंकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी मूळ यादी काढली. मग म्हणाल्या की यादीखाली सही त्यांची आहे, आणि त्यांना तर कोरियन वाचता येतं. त्यांनी लेख परत मागवला. आम्ही दोघींनी शीतपेटीतून त्या चाळिसांबाहेरचे, फक्त खच्ची जनावरांचे नमुने काढले, चरबीवाले आणि सुके, आणि पुन्हा मोजलं. माझं लाडकं जनुक दोन्हींत सारखंच. निरुपयोगी म्हणून मी बाजूला टाकलेलं एक मात्र जरा वेगळं चालताना दिसतंय. पुढची नेमणूक तीन वर्षांची मिळणार होती, ती सहा महिन्यांची मिळाली.

परिषदेत मी काय चुकलं तेच सांगितलं. तुमचा प्रश्न तुमच्या नावासकट वाचून दाखवला. शेवटी टाळी नाही, प्रश्न नाही. मागच्या रांगेतले दोघं तर उठून घाईनं बाहेर गेले. वाटलं, कंटाळले. मान खाली घालून बाहेर आले, तर दोघंही जिन्यात उभे राहून आपापल्या प्रयोगशाळेत फोन करत होते. एकजण घाम पुसत विचारत होता, आपली ती जनावरं खच्ची होती का?

मामीला नमस्कार. दोघांचा आशीर्वाद असाच पाठीशी असू द्या.

तुमचीच,
रोशनी