माझं निर्धोक सिमेंट

३ ऑगस्ट १९५२, रविवार
भवानीपूरच्या माझ्या दवाखान्यात दात भरायचं माझं स्वतःचं सिमेंट तयार! पांढरं शुभ्र. विलायती डब्यांची सद्दी संपली. ते शरीराला निर्धोक आहे एवढंच सिद्ध करायचं, म्हणजे निव्वळ फॉर्म्यालिटी. जानेवारीत डेंटिस्टांच्या सभेत निबंध वाचणार. हातीबागानच्या बाजारातून दोन गिनीपिग आणले. एकाच्या कातडीखाली सिमेंट घातलं, दुसऱ्याला नुसता ठेवला. संकल्प : घाई करायची नाही.

९ ऑगस्ट
सिमेंटवाल्याच्या पाठीला गळू. कलकत्त्याची दमट हवा, दुसरं काय! कालिंदी म्हणाली, त्याला दुखतंय. बायकोला सायन्स कळत नाही. दुसरा ठणठणीत आहे, पण तो मुळातच निगरगट्ट दिसतो.

१४ ऑगस्ट, सकाळी
पहिला गेला. ऐन वेळी दगा. मग लक्षात आलं, गिनीपिगचे दात जन्मभर वाढतच असतात. ज्याला कधी दात भरावा लागत नाही, त्याचं मत घ्यायचंच कशाला? यापुढे माणसं. तीही आपली.

२४ ऑगस्ट
मेहुणा शरच्चंद्र बजबजहून आला होता. त्याची दाढ भरली. मराठी मंडळाच्या श्यामलाबाईंचीही. सिमेंट नवं आहे, प्रयोग चालू आहे, हे सांगितलं. दोघं म्हणाली, घरचा डॉक्टर असताना काळजी कसली! मला अगदी भरून आलं.

५ ऑक्टोबर
दोघांना जेवायला बोलावलं. श्रीखंड वाढताना विचारलं, दुखतं का? दोघंही छे छे म्हणाली. टिपून घेतलं : वेदना शून्य. तोंड उघडून बघणार होतो, पण पानावर बसलेल्या पाहुण्याच्या तोंडात आरसा घालणं बरं दिसत नाही. शिवाय तो अविश्वास झाला. कालिंदी आज उगाचच सगळ्यांना आग्रह करत होती.

१४ जानेवारी १९५३
संक्रांत. मंडळात तिळाच्या कडक वड्या. दोघांनी कडाकडा फोडल्या, त्याही मी भरलेल्या बाजूने! सभेत यांनाच उभं करणार.

१८ जानेवारी, रविवार
सत्यानाश. अध्यक्षांनी शरच्चंद्रच्या तोंडात बॅटरी मारली आणि म्हणाले, हे तर चांदीचं फिलिंग! श्यामलाबाईंचंही तेच. सभा खो खो हसली. शरच्चंद्र म्हणतो, दोन दिवसांत दाढ इतकी ठणकली की बहूबाजारच्या चिनी डेंटिस्टकडून सिमेंट काढून घ्यावं लागलं. भाऊजींना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. श्यामलाबाईंचीही तीच कथा. आणि दोघांना तिथे नेलं कोणी? कालिंदीने! माझ्या बायकोने! गिनीपिग परवडले, ते निदान तोंडावर मेले. घरी येऊन मी रडलो.

१९ जानेवारी
आता कुणावर विश्वास नाही. आरशात बघून स्वतःची किडकी दाढ स्वतःच भरली. माझी दाढ तरी मला फसवणार नाही.

२३ जानेवारी
फसवलं. गाल टम्म फुगला. कालिंदी ट्रामने बहूबाजारला घेऊन गेली. चिनी डेंटिस्टने माझ्या तोंडात पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, हे पांढरं पुन्हा आलं का? भरतो तरी कोण हे? कालिंदी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.
मी सांगितलं, आहे भवानीपुरात कोणीतरी मराठी डॉक्टर.