नसलेला अणू

राजुरी, १४ नोव्हेंबर १९९६

मेधा आज अचानक पुण्याहून आली. चहाला हातही न लावता म्हणाली, "आई, मी दाखवलेला तो अणू तिथं नाहीच."

स्फटिकाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन सोडायचे, पडद्यावर उमटणाऱ्या ठिपक्यांवरून गणिताने अणूंच्या जागा शोधायच्या, हे लेकीचं पाच वर्षांचं काम. तिने एकाच वेगाच्या इलेक्ट्रॉनांचे फोटो वापरले होते. आता वेगवेगळ्या वेगांचे एकत्र केले, तर तो अणू गायब. नुसता आभास. आणि सगळा प्रबंध त्याच अणूवर उभा.

"तुझ्या गाईड सरांना कळलंय?"

"अजून कुणालाच नाही."

"मग राहू दे की. कोण बघायला जातंय?"

हे मी म्हणाले. कॉन्व्हेंटात खोट्याची कबुली रडत रडत देणारी मी! आणि मेधा लहानपणी पाटीवरची चूकही आधी मलाच दाखवायची.

ती तडक उठली. चपला घालून शेठजींच्या फोनच्या दुकानात गेली. थोड्या वेळाने मीही गेले. शेठजी दारातच म्हणाले, "बाई, पोरगी आत 'सर, सर' म्हणत लई रडतीय. कुणी गेलं का?"

कुणी नाही, म्हणाले. काचेआडून मेधाने मला पाहिलं. रिसीव्हर कानाला तसाच धरून तिने पाठ फिरवली.