डिकीचं झाकण

अगं, गाडीजवळ जाऊ नकोस आणि डिकी मुळीच बंद करू नकोस. आत मधमाश्या आहेत, हजारो!

सकाळी कापडाचे तागे ठेवायला डिकी उघडली. सामानावरचं ते झाकण नेहमीसारखं मध्ये आलंच. तू म्हणतेस ते खरं, त्याच्यामुळे आत काय आहे ते बाहेरून कुणाला दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं. डिकीच्या दाराला अडकवलेल्या दोऱ्यांनी झाकण वर उचललं गेलं आणि खाली तुझी मोठी बॅग दिसली, आईकडे राहायला जाताना नेतेस ती. मी डिकी तशीच टाकून घरात येऊन बसलो.

मग बाहेर असा आवाज सुरू झाला की भिंतीच गुणगुणताहेत असं वाटलं. जाऊन बघतो तर झाकणाच्या खालून मधमाश्यांचा हा एवढा घोस लोंबत होता. सगळ्या मिळून एकच जीव असावा, तसा तो श्वास घेत होता. मी बघतच राहिलो. घाबरायचंसुद्धा राहून गेलं.

तुला उठवायला दारापर्यंत आलो होतो, पण परवापासूनचा अबोला आडवा आला, म्हणून ही चिठ्ठी.

मधमाश्या पाळणाऱ्या काकांना आणायला चालत जातोय. फोनवर म्हणाले, संध्याकाळपर्यंत त्यांना हलवायचं नाही. म्हणजे तोवर बॅगही निघणार नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून नक्की बघ. मी आलो की कसं वाटलं ते सांग. भांडत सांगितलंस तरी चालेल.