अनंतगिरीचा उपास

माय, सगळ्यांच्या आधी धाकटी नातच टपकली, हैदराबादेहून, आन् चप्पल काढायच्या आधी मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. "आज्जे, वळख बरं हा डोंगर!" तिच्या मागनं थोरली आली, घाम पुसत, "हिला दमच न्हाई, रिक्षा थांबायच्या आधी उडी मारली." मी चष्मा शोधेपर्यंत दोघींची जुंपली. पण चष्मा कशाला लागतो? अनंतगिरीच तो. तीच गच्च झाडी, तीच वळणाची वाट. तुला देवाघरी जाऊन चाळीस वर्सं झाली, तरी वाटलं तुला लिहून सांगावं. दुसरीपर्यंतची माझी शाळा. पण तुला वाचताच येत नव्हतं, म्हणून अक्षरावरून बोलणी बसायची भीती न्हाई.

निजामाचं राज्य होतं. अप्पांना सरकीच्या कामासाठी हैदराबादेला जायचं होतं, आन् कधी नव्हं ते त्यांनी आपल्यालाबी नेलं. परतताना विकाराबादेला उतरलो. शहरात पाहिलेली मुसी नदी जिथून निघती तो डोंगर पोरीला दाखवायचाच, असं त्यांनी मनात घेतलं होतं. आपल्या मानवतकडं सगळी काळी सपाट रानं. डोंगर म्हणजे मला कापसाचा ढीग तेवढा ठाऊक. आन् तिथं? सागाची पानं सुपाएवढी, ऊन खाली उतरतच न्हाई. तू माझ्या तान्ह्या बहिणीला कडेवर घेऊन चालायलीस, मी म्होरं पळायले. एका वडाच्या पारंब्या दिसल्या आन् माझं भान गेलं. झोका घेताना गळ्यातली लिंगाची चांदीची डबी छातीवर आपटायला लागली, म्हणून काढून झुडपाला अडकवली. तिथंच विसरले.

पुढं झऱ्याकाठी तू दशम्यांचं गठुडं सोडलंस आन् पूजेसाठी माझ्या गळ्याला हात लावलास. आपल्यात लिंगाच्या पूजेवाचून घास न्हाई. "लिंग कुठाय गं?" "झोका घेताना त्या वडापाशी ऱ्हायलं." तू गठुडं परत बांधलंस. "सापडंस्तोवर तुझ्या तोंडात पाणी न्हाई. आन् माझ्याबी न्हाई."

"अगं, लेकरू हाय ते," अप्पा म्हणाले. "घरी गेल्यावर जंगमाकडून दुसरं बांधून घेऊ."

"तवर पोरगी उघड्या गळ्यानं हिंडंल व्हय? तुमी खा, तुमाला कोण नको म्हणलंय?"

अप्पा काय खातात! टोपी झटकून वाट धुंडायला लागले. तू मला वढ्यापल्याड धाडलंस. पण त्या रानात वडाला का तोटा? दुपार कलली. मी परत आले तवा तान्ही दुधासाठी रडायली, आन् तू सागाला टेकून बसलेली, ओठ पांढरेफट. मला वाटलं, आता माय जाती.

तेवढ्यात मोळी घेऊन एक बाई आली. ती बोलती तेलुगू, तू मराठी. तू तुझ्या गळ्यातली डबी दाखवून माझ्या गळ्याकडं बोट केलंस. ती खुदकन हसली आन् तुझा हात धरून थेट त्या झुडपापाशी घेऊन गेली. तिनं डबीला हात लावला नव्हता. शेळ्यांनी फांद्या ओढू नयेत म्हणून भवती काट्या रचून ठेवल्या होत्या. कोण कुठली बाई, बघ! तू डबी माझ्या गळ्यात घातलीस, पूजा करवलीस, मग पहिली दशमी तिच्या हातावर ठेवलीस आन् दुसरी माझ्या. "खा, माझे बाई. दिवसभर उपाशी हायस."

त्यानंतर जल्मभर तू तेच सांगत राहिलीस. गल्लीत, पाव्हण्यात, माझ्या सासरीसुद्धा: "नऊ वर्साची पोर, पाण्याचा थेंब घेतला न्हाई." त्यापायी सासूबाई माझ्यावर कधी आवाज चढवायच्या न्हाईत. आज नातींनीबी तीच गोष्ट मागितली. मी तुझ्याच शब्दांत सांगितली, वर जरा तिखटमीठ लावून. दोघी माझ्या पाया पडल्या, आन् मी पडू दिलं.

पण माय, वढ्यापल्याड सीताफळं पिकून उकलली होती गं. मी तीन खाल्ली. तू इकडं चक्कर येऊन बसलीस तवा मी तिसऱ्याच्या बिया थुंकत होते. वढ्यात तोंड धुतलं, वरून पोटभर पाणी प्याले. आन् तू दिलेली दशमीबी खाल्ली, कारण न्हाई म्हणायची हिंमत झाली न्हाई.

लय गोड होती ती सीताफळं, हेबी खरं.

हा कागद कुठं धाडू? साड्यांच्या घडीत ठेवते. पोरी मला अनंतगिरीला न्यायचं म्हणायल्यात, तिथं त्यांना खरं सांगावं का, अजून ठरंना. सोमवारी गाडी घेऊन येतो म्हणून गेल्यात.