आधी दहा तारीख, मग तू

३ सप्टेंबर १९११, रविवार

विचारलं! शेवटी एकदाचं विचारून टाकलं! आणि ती नाही म्हणाली नाही!!

हो पण म्हणाली नाही, ते जाऊ दे.

मेथडिस्टांच्या चर्चबाहेर हेस्टर पत्रकं वाटत उभी होती. मी आमच्या कॅथलिक चर्चमधली प्रार्थना अर्धी टाकून पळत गेलो होतो. एक पत्रक घेतलं. वळसा घालून पुन्हा रांगेत आलो, दुसरं घेतलं. तिसऱ्यांदा हात पुढे केला तशी म्हणाली, "फ्रानो, बायकांना मत मिळावं म्हणून ही पत्रकं मत असलेल्या पुरुषांसाठी छापलीत. तुला मत आहे?"

नाही. ऑस्ट्रियाच्या राज्यातल्या कोनावल्याहून येऊन मला तीनच वर्षं झाली, नागरिक व्हायला पाच लागतात.

"मग ठेव परत."

ठेवलं. आणि त्याच दमात म्हटलं — माझ्याशी लग्न करशील?

तिच्या हातातली पत्रकं काही पडली-बिडली नाहीत. म्हणाली, "येत्या दहा ऑक्टोबरला या राज्यातले पुरुष ठरवणार आहेत, मला मत द्यायचं की नाही. माझ्या हो-नाहीला इथे काडीची किंमत नाही. मग तुला तरी ते कशाला हवंय?"

"आणि दहा तारखेनंतर?"

"आधी दहा तारीख. मग तू."

मग मी! मग मी!! कॅलिफोर्नियातल्या एकेका बाप्याच्या मानगुटीवर बसून 'होय'वर शिक्का मारून घेतो की नाही बघा!

६ सप्टेंबर

लुयोकाकांनी जेवताना पुन्हा कॉलेजचं काढलं. "पाद्र्यांकडे तुला शिकायला ठेवला. वर्ष अर्धवट टाकून आलास. का? सफरचंदं भरायला?" मी ताटातला कोबी आणि धुरी दिलेलं डुकराचं मांस चिवडत राहिलो. कसं सांगू! सुट्टीत काकांच्या शेडमध्ये मदतीला आलो आणि हेस्टर ड्रेपरला सफरचंद कागदात गुंडाळताना पाहिलं. बघता बघता एक, दोन, चार, आणि पेटी भरली. त्यानंतर लॅटिन कोण शिकणार?

काका दाढीत हसले. त्यांना सगळं माहीत आहे, फक्त छळायचं असतं.

९ सप्टेंबर

मला अक्कल सुचली! सगळीकडे जाणारी वस्तू कोणती? सफरचंद! आज दिवसभरात संधी साधून पेट्या बंद व्हायच्या आत प्रत्येकीत वरच्या थराखाली एकेक पत्रक सरकवलं. पेट्या निघाल्या. मतं येऊ देत!

हेस्टरला अजून सांगितलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचाय.

११ सप्टेंबर

धक्का मलाच.

खिळा वाकडा बसला म्हणून मागे राहिलेली एक पेटी काकांनी उघडली. पत्रक निघालं. पेटीवरचा शिक्का त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावला. लंडन. सगळा माल लंडनचा!

"काय रे शहाण्या," काका म्हणाले, "लंडनचा माणूस आगबोटीतून इथे मत द्यायला येणार? का त्यांच्या राजालाच बोलावलंयस?"

शेडमधल्या बायका टेबलं धरून हसल्या. हेस्टर तर डोळे पुसत होती. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. पण संध्याकाळी जाताना तिनं माझ्या टोपीवर टिचकी मारली. टिचकी! टोपी उशाशी ठेवली आहे.

१७ सप्टेंबर, रविवार

प्रार्थनेनंतर शेडमागे आमच्या गावाकडचे सगळे लाकडी चेंडूंचा खेळ मांडून बसतात. बहुतेक जण नागरिक झालेले, म्हणजे मतवाले. आज मी भाषण ठोकलं. आमच्याच बोलीत, पेटीवर चढून.

"बायकांनी मत दिलं की गुत्ते बंद," एकजण म्हणाला. "फ्रानो, मग तुझ्या लग्नात काय लिंबाचं सरबत पाजणार?"

"घरात माझी बायको म्हणते तेच होतं," म्हातारा विचे ओरडला. "आता सरकारातही तेच? माणसानं जायचं कुठं?"

"समुद्रात जा!" मी म्हटलं. नको होतं म्हणायला. पण विचेच सगळ्यात मोठ्यानं हसला. हात उंचावून म्हणाला, "चेंडू टाक. जिंकलास तर माझं मत तुझ्या त्या पोरीला."

जिंकलो! विचेचा चेंडू एका बोटानं हुकला!! तो छातीवर क्रूस काढून म्हणाला, दिलं. देवाशप्पथ एक मत मी स्वतः मिळवलं!

२३ सप्टेंबर

वाईट दिवस. माझाच हात आणि माझाच मूर्खपणा.

बाजारचा दिवस. चौकात गाडीवर उभी राहून हेस्टर बोलत होती, काय बोलत होती! तेवढ्यात गुत्त्याच्या दारातून एकजण ओरडला, "पोरी, घरी जाऊन मोजे शिव!" मला काही दिसेनासं झालं. पुढचं आठवतं ते त्याचं रक्ताळलेलं नाक.

तिला वाटेल, काय शूर हा! छे. पांढरीफटक झाली होती रागानं. "त्याला मी उत्तर देणार होते, फ्रानो. लोक हसले असते आणि माझ्या बाजूला आले असते. तुझ्या एका गुद्द्यानं माझी दहा मतं गेली. माझी! तुझी नाहीत."

तिच्या आईनं, ड्रेपरबाईंनी, तेवढ्यात माझ्या मुठीला ओला रुमाल गुंडाळला. हळूच म्हणाल्या, "फटका मात्र छान होता हो." पण मला ड्रेपरबाईंशी लग्न करायचं नाही ना!

२४ सप्टेंबर

बोलत नाही.

२५ सप्टेंबर

बोलत नाही!!

२६ सप्टेंबर

बोलली! माझ्याशी नाही, काकांशी. पण बोलताना एकदा माझ्याकडे पाहिलं.

काका शेडमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले की दहा तारखेला ते 'नाही'वर शिक्का मारणार. माणसं पारखणं हे काही बायकांचं काम नाही. हेस्टरचे हात थांबले नाहीत. एक सफरचंद उचललं, फिरवून पाहिलं, बाजूला टाकलं.

"लुयोसाहेब, ते का टाकलं मी?"

काकांनी उचललं. बोटानं दाबलं. बाहेरून लालबुंद, देठाशी मऊ.

"सडलंय."

"दिवसभर चांगलं कुठलं न् सडकं कुठलं ते मीच ठरवते. मी भरलेली पेटी तुम्ही कधी पुन्हा उघडून बघता?"

"तुझी नाही बघत."

"मग माणसं काय सफरचंदांपेक्षा अवघड आहेत?"

 काकांनी ते सफरचंद खिशात घातलं आणि बाहेर निघून गेले. मी टाळ्या वाजवणार होतो. पण शिकलोय आता. हात खिशात घातले.

९ ऑक्टोबर, सोमवार

झोप नाही, जेवण नाही. ड्रेपरबाईंच्या गाडीला चळवळीच्या पिवळ्या पताका लावून खोऱ्यातलं एकेक शेत पालथं घातलं. पाहारो नदीपलीकडे एका म्हाताऱ्यानं कुत्रं सोडलं. हेस्टर त्याच कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवत म्हाताऱ्याशी बोलत राहिली. मी कुठे होतो? झाडावर.

उद्या!

१० ऑक्टोबर, मंगळवार

झालं मतदान. सकाळपासून मी केंद्रासमोरच्या रस्त्यात. आत जायचा हक्क ना तिला ना मला. ती म्हणाली, "बघ, आपण दोघं एकाच कुंपणाबाहेर." असं वाटलं हे कुंपण राहिलं तरी चालेल — आणि लगेच स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

विचे आला, छाती पुढे काढून. काका आले, खाली बघत. बाहेर पडल्यावर विचारलं, काका काय केलंत? "गुप्त असतं ते. कॉलेजात शिकवलं नाही वाटतं? हो, पुरं कुठे शिकलास तू."

११ ऑक्टोबर

हरलो.

सान फ्रान्सिस्कोची वर्तमानपत्रं आली. मोठ्या अक्षरात — बायकांचं मत फेटाळलं. शहरानं बुडवलं. हेस्टर कामावर आली. नेहमीसारखंच एकामागून एक सफरचंद गुंडाळत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "आत्ता नको, फ्रानो. आत्ता दयेचं काही बोलू नकोस."

शहर जाळून टाकावंसं वाटतंय.

१२ ऑक्टोबर

थांबा! थांबा!! तार ऑफिसबाहेर गर्दी आहे. खेड्यापाड्यांतली मोजणी आत्ता येतेय. डोंगरातली, खोऱ्यांतली. फरक कमी होतोय!

संध्याकाळी — आणखी कमी!!

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

जिंकलो!!! जिंकलो जिंकलो जिंकलो!!!

शेतकऱ्यांनी जिंकून दिलं! म्हणे राज्यभरातल्या केंद्रांवर सरासरी एकेक मत जास्त. एकेक! तार वाचणाऱ्या माणसाला मी उचलून घेतलं. ड्रेपरबाई रस्त्यात बसून रडल्या. काका शेडच्या दारात उभे होते. "एकेक मत," ते म्हणाले, "आपल्या केंद्रावरचं ते एक कुणाचं असेल?" आणि दाढीत हसले. मी त्यांच्या गळ्यात पडलो. "सोड गाढवा, माल जायचाय!"

हेस्टर सगळ्यांमध्ये होती. तिला मी काहीच विचारलं नाही. पहिल्यांदाच आयुष्यात गप्प उभा राहिलो.

१५ ऑक्टोबर, रविवार

ती स्वतः आली. आमच्या चर्चच्या दारात. प्रार्थना संपेपर्यंत उभी होती. सगळ्या कोनावल्यासमोर म्हणाली, "दहा तारीख झाली, फ्रानो."

"मग?"

"मग होय. आता या होयला किंमत आहे, जपून ठेव."

!!!!

३० ऑक्टोबर

गावातल्या बायका मतदार म्हणून नावं नोंदवायला रांगा लावतायत. ड्रेपरबाई पहिल्याच दिवशी जाऊन आल्या. मी हेस्टरला म्हटलं, चल की! तर म्हणते, "मी हेस्टर ब्रातोश म्हणूनच नोंदवणार. मतदार म्हणून माझं पहिलं नाव तेच." माझं नाव! तिच्या मतावर माझं आडनाव! हे ऐकून मी शेडच्या पत्र्यावर चढून ओरडलो. का चढलो ते विचारू नये.

१८ नोव्हेंबर, शनिवार

लग्न झालं. ती मेथडिस्ट, म्हणून आमच्या चर्चमध्ये नाही, पाद्रीबाबांच्या बैठकीच्या खोलीत. विचेनं तंतुवाद्य गुडघ्यावर धरून पाय आपटले, काकांनी स्वतःच्या द्राक्षांची दारू आणली. ड्रेपरबाई नाचल्या! हेस्टरनं आमच्या नाचाची पावलं माझ्यापेक्षा लवकर उचलली. सुखानं छाती दुखते हे कुणी का सांगितलं नव्हतं?

सोमवारी नाव नोंदवायला दोघं जाणार. पिवळा झगा काढून ठेवलाय तिनं.

२० नोव्हेंबर, सोमवार

हेस्टरला मत नाही.

खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, नवरा कुठला? तिनं मान ताठ करून सांगितलं. तो उठून आत गेला आणि जाडजूड पुस्तक घेऊन आला. चार वर्षांपूर्वीचा कायदा. परदेशी माणसाशी लग्न केलं की बाई नवऱ्याच्या देशाची. "शुक्रवारी आला असतात तर लिहिलं असतं, बाई. आता तुम्ही अमेरिकेच्या नाही. ऑस्ट्रियाच्या बादशहाची प्रजा."

मी आरडाओरडा केला. मला बाहेर काढलं.

हेस्टर मागून आली. पुलावर थांबली. मग पाण्याकडे बघत म्हणाली,

"फ्रानो, आपल्या बादशहाचं नाव काय रे?"