गणपतींच्या खोलीतले मिक्सर

पेण, शुक्रवार

प्रिय सरू,

पत्र लिहायचं म्हणून रोज कागद काढतो आणि त्यावर स्क्रू ठेवतो. पांढऱ्या कागदावर स्क्रू हरवत नाहीत. आज शेवटी ते पुडीत बांधले आणि बसलो, कारण उद्या सकाळी केरू टेम्पो घेऊन येतोय. रोह्याचा भंगारवाला केरू, तुला माहीत आहेच, हातोडीशिवाय ज्याला दुसरं हत्यार ठाऊक नाही. मिक्सर दिसला की फोडतो, तांबं काढतो, बाकीचं गटारात. आपले सगळे जुने मिक्सर, दोन्ही बाजूंनी दारं उघडणारा टोस्टर, ते कॉफी दळायचं यंत्र, सगळं उद्या त्याच्या काट्यावर चढणार. डोकं नुसतं तापलंय.

झालं काय ते ऐक. होळीनंतर विमलबाईनं, माझ्या घरमालकिणीनं, दोन ओले गणपती आणून माझ्या खोलीत ठेवले. तिच्या मूर्तींच्या कारखान्यात जागा नाही, वाळेपर्यंत राहू दे म्हणाली. पेणमध्ये राहून गणपतीला नाही कसं म्हणणार? पण रात्री देव खाली जमिनीवर आणि मी वर खाटेवर, हे मलाच बरं वाटेना. म्हणून मीच ते खाटेवर उचलून ठेवले आणि खाली सतरंजी टाकली. विमलबाईनं रिकामी जमीन बघितली आणि आणखी आणले. मग मी टेबल दिलं, मग फळी. आता खोलीत मी कुठे आहे ते शोधावं लागतं. परवा तू नवी तार गुंडाळून दिलेला हिरवा मिक्सर लावून बघितला, तर ती धावत आली. "बंद कर मेल्या तो! सोंडेला तडा गेला तर काय तुझं नाक लावू?" मी म्हटलं, बाहेर नेऊन लावतो. तर म्हणते, "सगळाच बाहेर ने. लोक पाट घेऊन मूर्ती ठरवायला यायला लागले आता. देवाच्या पायाशी भंगार बघून काय म्हनतील?" केरूला निरोपही तिनेच धाडला.

जागा शोधली नाही असं समजू नकोस. धरमतरला मिठागरावरच्या जनूच्या ओळखीनं एक गोदाम बघायला गेलो. पावसाळ्यात मिठागरं बंद, त्यामुळे गोदाम रिकामं. पण भिंतींना मीठ असं फुटलेलं की हात लावला तर बोट खारट. तिथे मशीन ठेवायची म्हणजे केरूची हातोडी परवडली. परत निघालो तर जनूच्या बायकोच्या चुलीमागे एक विजेची केटली दिसली, चिनी मातीची, निळ्या फुलांची! त्यांच्याकडे ती खिळे ठेवायला. मग तिला एक डबा दिला, केटली घेतली, तिची वायर कुठे गेली म्हणून घरभर शोधलं, आणि शेवटची गाडी गेली. जागा शोधायला गेलो आणि एक मशीन वाढवून आलो. हसू नकोस. जनूही हसला. "नाथा, ह्याचा करनार काय रे तू?" सगळे हेच विचारतात.

उत्तर तुलाच तेवढं देता आलं होतं. मागच्या वर्षी मी पहिला मिक्सर गोणपाटात गुंडाळून कासूला आणला, तेव्हा तुझी मावशीही हेच म्हणाली होती. तू तो उलटा केलास, बुडाची पट्टी खोलून तार जळलीय का म्हणून वास घेतलास आणि म्हणालीस, "काय करायचं म्हणजे? चालू करायचा." मग मागच्या पडवीत, शिवणाच्या मशीनवर पडदा टाकून, तू तार गुंडाळत बसायचीस आणि मी बडबड करत बसायचो. तुझ्या बाबांना अजून वाटतं तू मावशीकडे ब्लाउज शिकतेस. रोह्याला जळक्या मोटरी बांधायचं एवढं दुकान त्यांचं, आणि मुलीनं नुसतं बघून बघून काम उचललं ते त्यांना ठाऊक नाही.

आता ज्यासाठी लिहितोय ते. त्या दुकानावरचा माळा रिकामा आहे, तूच म्हणाली होतीस. तो मागायचा तर तार कोणी गुंडाळली ते सांगावं लागेल, मी कासूला कशाला येतो तेही सांगावं लागेल. मी गेलो तर गुणाजीकाका मला दारातून परत लावतील. पोरगा फिरस्ता, शाळा अर्धवट, धंदा भंगाराचा. म्हणून तू बोल असं लिहिणार होतो. पत्र पोचेपर्यंत उद्या होऊन जाईल हे कळतं मला. पण केरूनं सगळं नेलं तरी माळ्याचं विचार. मशीन मी परत गोळा करीन. मला दुकान तुझ्याबरोबर टाकायचंय, आणि नुसतं दुकान नाही.

सरू, इथे मी सही करणार होतो तर बाहेर विमलबाईचा आवाज आला, "या हो, आत बघा, रोह्याचे पाट मी वेगळेच ठेवते." आणि काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पाट घेऊन गुणाजीकाका आत! तुझे बाबा! दोन गणपती बघितले, तिसऱ्याशी वाकले आणि खालचा हिरवा मिक्सर उचलून उलटा केला. विमलबाई म्हणते, "त्या भंगाराकडं नका बघू, उद्या जातंय." ते ऐकतच नाहीत. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून जमिनीवर बसलेत, आतल्या तारेवर बांधलेल्या दोऱ्याच्या गाठीवरून बोट फिरवतायत. "ही गाठ माझ्या दुकानातली," म्हणाले. "कोनी बांधली रे पोरा?" मी चहा सांगून येतो म्हणून ओट्यावर पळालो, तिथेच हे लिहितोय. आतून पुन्हा हाक आली. तुला विचारायला वेळ नाही. तुझं नाव सांगतोय.

तुझाच,
नाथा