नितळ पाणी

डहाणू
१४ मे २०२५

प्रिय वर्षाताई,

नमस्कार. नाशिकला भावजी, मुलं बरी असतील. हे पत्र दिपकच्या हाती देते आहे, तो उद्या तिकडे येतोय.

तुझ्या आईचं, काकीचं, पोट बिघडलंय म्हणून दवाखान्यात ठेवलंय, असं मी फोनवर सांगितलं. ते खरं आहे, पण पुरतं नाही.

तलासरीच्या प्रयोगशाळेत मी काय करते, तुला माहीत आहे. पॉलिमरमध्ये अतिसूक्ष्म चिकणमाती मिसळून पातळ पडदा बनवते. तेलकट पाणी ओतलं की तेल वर राहतं, पाणी खाली उतरतं. एप्रिलच्या सुरुवातीला तो रानशेतला आपल्या पाड्यावर नेला. ट्रक धुतात तिथून येणाऱ्या ओहोळाचं काळं पाणी ओतलं. खाली नितळ पडलं.

लडक्यामामा म्हणाले, "दिसतंय तर झ्याक. तू पिशील का?" सगळे हसले.

मी एक घोट प्यायले.

पडदा काकीकडे ठेवला. ओहोळाचं पाणी त्यातून गाळून हंडा भरायला किती वेळ लागतो, तेवढं रोज कळवायला सांगितलं. ती फोनवर सांगायची, मी वहीत उतरवायचे. अडतीस दिवस. आकडे फार चांगले येत होते.

सोमवारी सकाळी तिला उलट्या झाल्या, उठवेना. इथे डहाणूला दवाखान्यात आणलं. सहज विचारलं, "काकी, हंडा भरला की ते पाणी कुठे ओतायचीस?"

"ओतायची? येडी का तू? विहीर आटली, तेच पीत होते. तूच नाही का प्यालीस?"

पडदा तेलाचे थेंब अडवतो. पाण्यात विरघळलेलं काही अडवत नाही, डिझेलमधलं नाही, धुण्याच्या रसायनातलं नाही. घोट घेतानाही मला हे माहीत होतं. तेव्हा फक्त लोकांचं हसणं थांबायला हवं होतं.

ताई, आणखी एक. हे मी सोमवारी सकाळी ऐकलं आणि डॉक्टरांना मंगळवारी संध्याकाळी सांगितलं. ते आधी विचारत होते, तेव्हा मी "विहिरीचं पाणी" म्हणाले. तो दीड दिवस माझं नाव वाचवण्यात गेला.

आता यकृताच्या तपासण्या चालू आहेत. निकाल शुक्रवारी. डॉक्टर काहीच नक्की बोलत नाहीत.

काकी आज घरी जायचा हट्ट धरून बसली होती. म्हणाली, "माझ्यापायी तुझे आकडे राहिले, पोरी."

तू ये. माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर आहे.

सुषमा